पाय गेले, मूत्रपिंडे वाचली : एका नळीचा इतिहास

पाठीचा कणा मोडलेल्या माणसाला भेटायला रुग्णालयात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पाय हलतात का? दुसरा प्रश्न : पुन्हा चालता येईल ना? तिसरा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. खाटेच्या कडेला लटकणाऱ्या पिवळ्या पाण्याच्या पिशवीकडे पाहुण्यांची नजर जाते आणि लगेच दुसरीकडे वळते. प्रस्तुत लेख त्या पिशवीविषयी आणि तिला जोडलेल्या नळीविषयी आहे. मज्जारज्जूला इजा झालेला माणूस किती वर्षे जगणार, हे गेल्या शतकात पायांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात मूत्राशयाने ठरवले आहे. तरीही या अवयवाचा इतिहास मराठीत क्वचितच लिहिला जातो.

मी डॉक्टर नाही. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात माणसे कशी जगली आणि कशाने मेली, याची कात्रणे आणि कागद जमवण्याचा नाद मला आहे. ती चाळताना एक गोष्ट सतत खटकत राहिली. लोकलमधून पडलेल्यांची बातमी ‘एक ठार, दोन गंभीर जखमी’ इथे संपते. ठार झालेल्याचे नाव, वय, पत्ता छापला जातो. ‘गंभीर जखमी’ या दोन शब्दांचे पुढे काय झाले, हे मात्र बहुधा छापून येत नाही. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान गर्दीच्या लोकलच्या दारातून प्रवासी खाली पडले, तेव्हा चार दिवस सगळीकडे तीच चर्चा होती. पाचव्या दिवशी विषय बदलला. कणा मोडलेल्या माणसाची खरी गोष्ट मात्र त्या पाचव्या दिवशी सुरू होते.

आपल्या भागात कणा मोडण्याची कारणे कमी नाहीत. लोकलचे दार हे त्यातले एक. उभ्या राहणाऱ्या टॉवरांच्या परांचीवरून पडणारे मजूर हे दुसरे. खड्डा चुकवताना घसरणारी दुचाकी हे तिसरे. आणि ठाण्याने ज्या उत्सवाला थरांच्या स्पर्धेचे रूप दिले, ती दहीहंडी हे चौथे. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हंडीच्या उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली आणि १८ वर्षांखालील मुलांना थरांत चढण्यास मनाई केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०१७ मध्ये उंचीची अट गेली आणि १४ वर्षांखालील मुलांवरची बंदी राहिली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला. या साऱ्या वादात उंची, वय आणि विम्याची रक्कम यांवर पुष्कळ बोलले गेले. वरच्या थरावरून पाठीवर पडलेला मुलगा दुसऱ्या दिवसापासून लघवी कशी करतो, हा प्रश्न त्या चर्चेत ऐकू आला नाही.

पिशवी आणि झडप

इतिहासाकडे जाण्यापूर्वी शरीराची थोडी ओळख हवी. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. भरताना पिशवी सैल राहते आणि तोंडाशी असलेली झडप आवळलेली राहते. रिकामी होताना पिशवी आवळते आणि झडप सैल पडते. हा ताळमेळ मेंदूच्या तळाशी असलेले एक केंद्र राखते आणि त्याचे निरोप मज्जारज्जूतून खाली जातात. मज्जारज्जूच्या शेपटाशी, जिथे पाठ संपून कंबर सुरू होते तिथे, लघवीचे स्थानिक ठाणे आहे.

इजा झाल्यावर पहिले काही आठवडे सारेच गप्प होते. मूत्राशय लुळे पडते, भरत राहते आणि भरल्याची जाणीव माणसाला होत नाही. हा धक्का ओसरल्यावर दोनपैकी एक गोष्ट घडते. इजा त्या स्थानिक ठाण्यालाच झाली असेल, तर मूत्राशय कायमचे सैल राहते आणि काठोकाठ भरल्यावर थेंब थेंब गळते. इजा त्याच्या वर असेल, तर खालचे ठाणे मेंदूला न विचारता कारभार करू लागते. पिशवी वाटेल तेव्हा आवळते आणि पुष्कळदा नेमकी त्याच क्षणी झडपही आवळते. बंद दारावर आतून धडका बसाव्यात तसे हे होते. आतला दाब वाढतो, मूत्राशयाची भिंत जाड होते आणि लघवी उलट्या वाटेने मूत्रपिंडांकडे ढकलली जाते.

यात वेदना नसते, हाच मोठा धोका. धडधाकट माणसाची लघवी तुंबली तर तो तासाभरात कळवळतो. इथे मूत्रपिंडे वर्षानुवर्षे बिघडत राहतात आणि माणसाला पत्ता लागत नाही. एडवर्ड मॅग्वायर या अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञाने १९८१ मध्ये जन्मतः पाठीच्या कण्यात दोष असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाण्याच्या ४० सेंटिमीटर उंच स्तंभाइतक्या दाबाच्या वर मूत्राशय गेले की मूत्रपिंडे धोक्यात येतात, हे त्यातून पुढे आले. तो आकडा आजही डॉक्टर खुणेच्या दगडासारखा वापरतात.

छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत इजा झालेल्यांना आणखी एक संकट असते. मूत्राशय तट्ट भरले की त्यांचा रक्तदाब एकाएकी उसळतो, डोके फुटेलसे दुखते, चेहऱ्यावर घाम फुटतो. लुडविग गुटमन आणि डेव्हिड व्हिटरिज यांनी १९४७ मध्ये या प्रकाराचे सविस्तर वर्णन केले. अशा माणसाची नळी अंगाखाली दुमडली गेली आणि शेजारच्याला ते कळले नाही, तर प्रकरण मेंदूतल्या रक्तस्रावापर्यंत जाऊ शकते. नळीची घडी सरळ करणे हा तिथे प्राण वाचवणारा उपचार ठरतो.

असाध्य म्हणून सोडलेले

एडविन स्मिथ या अमेरिकी गृहस्थाने १८६२ मध्ये लक्सर येथे एक जुना पपायरस विकत घेतला. तो इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या काळातला आहे. जेम्स ब्रेस्टेड यांनी त्याचा अनुवाद १९३० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मानेचा मणका सरकलेल्या एका रुग्णाची नोंद आहे. हातपायांची जाणीव गेली आहे, लघवी नकळत ठिबकते आहे, असे वर्णन करून वैद्य निर्वाळा देतो की हा रोग उपचार करण्याजोगा नाही. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या वैद्याने हातपायांच्या बरोबरीने लघवीची नोंद केली, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

आपल्याकडेही नळीचे ज्ञान जुने आहे. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे सांगितली आहेत. त्यांत २० नाडीयंत्रे, म्हणजे पोकळ नळ्या आहेत. उत्तरतंत्रात मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार वर्णिले आहेत. मुतखडा काढण्याची शस्त्रक्रिया तर प्रसिद्धच आहे. नळी होती, हात होते, निरीक्षण होते. पण नळीबरोबर आत काय जाते, हे एकोणिसाव्या शतकापर्यंत जगात कुणालाच ठाऊक नव्हते.

त्या शतकात ऑग्युस्त नेलातों या फ्रेंच शल्यविशारदाने मऊ रबराची नळी रूढ केली. औषधांच्या दुकानात आजही ‘नेलेटॉन कॅथेटर’ मागतात, ते त्याच्या नावाने. १९३० च्या दशकात फ्रेडरिक फोली या अमेरिकी डॉक्टरने नळीच्या टोकाशी छोटा फुगा बसवला. फुगा आत फुगवला की नळी बाहेर येत नाही. रुग्णालयातली पिशवी जिला जोडलेली असते, ती ही फोलीची नळी. सोय मोठी झाली, पण एक अडचण कायम राहिली. महिनाभर आत राहिलेल्या नळीत जंतू नाहीत, असे जवळपास घडत नाही.

पहिल्या महायुद्धाने याची किंमत दाखवून दिली. अमेरिकी मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांच्या निरीक्षणानुसार मज्जारज्जूला इजा झालेले सुमारे ८० टक्के सैनिक पहिल्या काही आठवड्यांतच मेले. गोळीने मेले ते थोडे. बाकीच्यांना पाठीला पडलेल्या जखमांनी आणि मूत्रमार्गातल्या जंतुसंसर्गाने नेले. उरलेल्यांपैकी अनेकांची मूत्रपिंडे पुढच्या वर्षांत निकामी झाली. त्यामुळे डॉक्टरांमध्ये एक समजूत पक्की झाली : अशा रुग्णावर मेहनत घेणे म्हणजे मरण लांबवणे. रुग्णाला कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवावे, मॉर्फिन द्यावे आणि वाट पाहावी.

डॉक्टरने स्वतः करायचे काम

ती समजूत मोडणारा माणूस जर्मनीतून परागंदा झालेला एक ज्यू डॉक्टर होता. लुडविग गुटमन यांचा जन्म १८९९ चा. १९१७ मध्ये कोळसा खाणींच्या भागातल्या एका रुग्णालयात ते मदतनीस म्हणून काम करत होते. तिथे कणा मोडलेला एक धिप्पाड खाणकामगार आला. टिपणे काढू लागलेल्या तरुण गुटमनला वरिष्ठांनी सांगितले, त्रास घेऊ नकोस, हा काही आठवड्यांचा सोबती आहे. तसेच झाले. गुटमन ते विसरले नाहीत. १९३९ मध्ये नाझी राजवटीतून निसटून ते इंग्लंडला पोहोचले आणि १ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल येथे मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी त्यांचा विभाग सुरू झाला.

गुटमन यांनी नवे यंत्र शोधले नाही. त्यांनी शिस्त आणली. रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. नळी कायमची आत ठेवायची नाही. दर काही तासांनी नवी निर्जंतुक नळी घालायची, मूत्राशय रिकामे करायचे आणि नळी काढून घ्यायची. नळीला हाताचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, हे काम सुरुवातीच्या काळात डॉक्टरने स्वतः करायचे. रात्री दोन वाजता उठून लघवीची नळी घालणे हे तोवर डॉक्टरच्या दर्जाचे काम मानले जात नव्हते. गुटमन यांनी ते दर्जाचे केले. १९६६ मध्ये त्यांनी हान्स फ्रँकेल यांच्यासह ४७६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. मोठ्या संख्येने रुग्ण जंतुविरहित लघवी घेऊन घरी जाऊ शकतात, हे त्या निबंधाने दाखवले.

२९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, याच रुग्णालयाच्या आवारात व्हीलचेअरवरच्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा झाली. पॅरालिम्पिकचे मूळ ते. या स्पर्धेच्या इतिहासात जिद्दीबद्दल पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण स्पर्धा घ्यायला आधी स्पर्धक जिवंत लागतात. ते जिवंत राहिले, कारण वॉर्डात रात्री-अपरात्री कुणी तरी हात धुऊन नळी घालत होते.

आपल्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर त्याच परंपरेतून पुढे आले. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यांतली एक कण्यात. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले. भारताचे पॅरालिम्पिकमधले ते पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले आणि घराघरांत नाव पोहोचले ते २०२४ च्या चित्रपटानंतर.

स्वच्छ हात पुरे

गुटमन यांच्या पद्धतीला एक मर्यादा होती. ती रुग्णालयाच्या भिंतींत चालत असे. निर्जंतुक नळी, निर्जंतुक मोजे, प्रशिक्षित हात, तेही दिवसातून पाच-सहा वेळा, आयुष्यभर. घरी गेलेल्या माणसाने हे कसे करावे?

उत्तर मिशिगन विद्यापीठातल्या जॅक लॅपिडीस यांनी दिले. १९७२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात म्हटले होते की रुग्णाने स्वतःच नळी घालावी आणि ती निर्जंतुक नसली तरी चालेल, स्वच्छ असली म्हणजे झाले. साबणाने हात धुवायचे, नळी धुवायची, मूत्राशय रिकामे करायचे. अनेक मूत्ररोगतज्ज्ञांना हे पटले नाही. जंतूंना आमंत्रण देण्याचा हा प्रकार वाटला.

लॅपिडीस यांचे म्हणणे मात्र विचारपूर्वक मांडलेले होते. मूत्राशयाच्या भिंतीला स्वतःचे संरक्षण असते आणि ते रक्तपुरवठ्यावर अवलंबून असते. पिशवी तट्ट फुगली की भिंतीतला रक्तपुरवठा कमी होतो आणि जंतूंचे फावते. म्हणून नळीवर दोन जंतू आहेत की नाहीत, यापेक्षा पिशवी वेळेवर रिकामी झाली की नाही, हे अधिक महत्त्वाचे. शिळ्या पाण्यात डास वाढतात, वाहत्या पाण्यात वाढत नाहीत, तसलाच हा न्याय. आज जगभर दर चार ते सहा तासांनी, आत ५०० मिलिलिटरहून अधिक साठू न देता नळीने मूत्राशय रिकामे करणे हाच पहिल्या पसंतीचा मार्ग मानला जातो.

पुढे औषधे आली. मूत्राशयाचा अवेळी आवळ कमी करणारे ऑक्सिब्युटिनिन १९७० च्या दशकात अमेरिकेत बाजारात आले. त्याच दशकाच्या अखेरीस जाइल्स ब्रिंडली यांनी इंग्लंडमध्ये नसांच्या मुळांना विजेचा संदेश देऊन लघवी करवणारे उपकरण रुग्णांच्या शरीरात बसवले. २००० मध्ये ब्रिगिटे शुर्ख यांनी मूत्राशयाच्या स्नायूत बोट्युलिनम विषाची सुई टोचण्याचे परिणाम प्रसिद्ध केले. सुरकुत्या घालवणारे म्हणून लोकांना जे ‘बोटॉक्स’ ठाऊक आहे, तेच हे. या सगळ्याचा उपयोग आहे. पण बोटॉक्स घेतलेल्या बहुतेकांनाही नळी लागतेच. पिशवी शांत राहते, रिकामी मात्र हातानेच करावी लागते.

या इतिहासात एक चुकीची वाटही आहे. ओटीपोटावर मुठीने दाब देऊन लघवी काढण्याची रीत एके काळी शिकवली जाई. आपल्याकडे घरोघरी ती अजून दिसते, कारण ती फुकट आहे आणि लघवी होताना दिसते. झडप बंद असताना वरून दाबले की आतला दाब वाढतो आणि तो मूत्रपिंडांच्या वाटेला जातो. चादर कोरडी राहते म्हणून घरचे समाधानी असतात आणि नुकसान आत होत राहते.

पुढारलेल्या देशांत १९७० च्या दशकापर्यंत मज्जारज्जूच्या रुग्णांच्या मृत्यूचे पहिले कारण मूत्रपिंडे निकामी होणे हे होते. नंतर ते मागे पडले आणि फुप्फुसांचे विकार पुढे आले. एका पिढीत एवढा बदल झाला. मज्जारज्जू जोडण्याची कला मात्र तेव्हाही साधली नव्हती आणि आजही साधलेली नाही.

वेल्लोर, पिंपरी, हाजीअली

भारतात या कामाची सुरुवात एका रुग्णानेच केली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या तरुण डॉक्टर मेरी व्हर्गीस १९५४ मध्ये मोटार अपघातात कमरेखाली लुळ्या झाल्या. व्हीलचेअरवर बसून त्यांनी आधी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, मग परदेशी पुनर्वसनशास्त्र शिकून त्या परतल्या. १९६६ मध्ये वेल्लोरला पुनर्वसन संस्था उभी राहिली.

महाराष्ट्रातही तो काळ घडणीचा होता. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन देशात बनू लागले. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने मुंबईत हाजीअलीजवळ पुनर्वसनाचा प्रकल्प सुरू झाला. तीच आजची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था. पुण्याजवळ खडकीला जखमी सैनिकांसाठी १९१७ मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरीज संस्था होती. १९७४ मध्ये खडकीतच कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांसाठी स्वतंत्र पुनर्वसन केंद्र उभे राहिले. २००१ मध्ये मुंबईत डॉ. केतना मेहता यांनी नीना फाउंडेशन स्थापन केले. पॅराग्लायडिंगच्या अपघातात त्यांच्याच मज्जारज्जूला इजा झाली होती. सैनिकाला मिळणारी निगा नागरिकालाही हवी, हा विचार अशा संस्थांमुळे रुजला.

ठाणे-डोंबिवलीच्या रुग्णाची वाट अनेकदा याच हाजीअलीकडे जाते. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रेल्वे कल्याणला पोहोचली. या भागाची वस्ती, नोकरी, शिक्षण आणि उपचारही त्या रुळांवर वाढले. ज्या रुळांनी कणा मोडला, त्याच रुळांवरून उपचाराला जायचे, असा हा प्रकार. अपघातानंतरच्या तातडीच्या उपचारासाठी ठाण्याचे सिव्हिल हॉस्पिटल आहे, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय आहे. पण नळीचे शिक्षण हे आणीबाणीचे काम नाही. ते निवांत बसून, चार वेळा करून दाखवून, लाज बाजूला ठेवून द्यायचे शिक्षण आहे. गर्दीच्या वॉर्डात नेमका तोच वेळ नसतो.

मोरी, नळ आणि हिशेब

लॅपिडीस यांची पद्धत तीन गोष्टी गृहीत धरते : वाहते पाणी, बंद दार आणि ठरलेली वेळ. डोंबिवलीच्या एका खोलीत या तिन्ही गोष्टी शोधून पाहाव्यात. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. त्याच्या दारातून व्हीलचेअर जात नाही. उरते ती खोलीतली मोरी. पडदा लावला की तेवढ्यापुरते बंद दार तयार होते. २०१५ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेत आलेल्या २७ गावांत पाण्याची ओरड नेहमीची. तिथे पिंपातले पाणी तांब्याने घेऊन हात धुवायचे. हे सगळे जमते. अनेक घरांत माणसे ते जमवत आली आहेत. फक्त ते जमू शकते, हे त्यांना कुणी तरी वेळेवर सांगावे लागते.

आता हिशेब. दिवसातून पाच वेळा म्हणजे वर्षाला १,८२५ वेळा. प्रत्येक वेळी नवी नळी वापरायची तर तेवढ्या नळ्या. वंगणाचा थर असलेल्या परदेशी नळ्यांची किंमत साध्या प्लास्टिकच्या नळीच्या अनेक पट असते. म्हणून आपल्याकडे साधी नळी धुऊन, वाळवून पुन्हा वापरतात. यात आपणच मागासलेले, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत मेडिकेअर ही सरकारी विमा योजना २००८ पर्यंत सर्वसाधारण रुग्णाला महिन्याला चारच नळ्यांचे पैसे देत असे. त्या वर्षी ही मर्यादा २०० वर नेण्यात आली. तोवर तिथेही नळ्या धुतल्याच जात होत्या. पुन्हा वापरावी की नाही, हा शास्त्रातला वाद अजून मिटलेला नाही. वेळेवर रिकामे करणे आवश्यक, याबद्दल मात्र वाद नाही.

आपल्या व्यवस्थेतली विसंगती इथे उघडी पडते. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर डायलिसिस लागते, बहुधा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी साधारण चार तास. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस येते. २०१६ पासून केंद्राचाही राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. हे चांगलेच आहे. पण ज्या नळीमुळे त्या खुर्चीपर्यंत जावेच लागू नये, तिचा रोजचा खर्च बहुतेक घरांत स्वतःच्या खिशातून होतो, कारण आपल्या योजना रुग्णालयात होणाऱ्या उपचारांभोवती बांधलेल्या आहेत. मोरीत, पडद्यामागे, दिवसातून पाच वेळा होणारा उपचार त्यांना दिसत नाही.

स्त्रीचा प्रश्न आणखी अवघड. पुरुषाला निरोधासारखे बाहेरून लावायचे साधन तरी मिळते. स्त्रीला तसे भरवशाचे साधन नाही. तिचा मूत्रमार्ग आखूड असल्याने नळी घालणे सोपे, पण तो दिसत नाही, म्हणून सुरुवातीला आरसा लागतो किंवा बोटाच्या अंदाजाने शिकावे लागते. हे शिकवणारी बाई हवी. लोकलने रोज ये-जा करणाऱ्या बायका सकाळपासून पाणी कमी पितात, हे आपण घरात पाहतो. मुंबईच्या लोकलच्या डब्यात संडास नसतो आणि स्टेशनांवरच्या स्वच्छतागृहांसाठी २०११ पासून ‘राइट टू पी’ ही चळवळ लढते आहे. लुळी झालेली स्त्रीही घराबाहेर पडताना पाणी तोडते. त्यातून खडे होतात, जंतू वाढतात आणि ताप येतो. मग घरचे म्हणतात, बाहेर नेले म्हणून आजारी पडली. आणि तिचे बाहेर जाणे थांबते.

ज्यांचे हातही लुळे आहेत, त्यांची नळी बहुतेक वेळा आई किंवा बायको घालते. रात्रीची एक वेळ धरून चोवीस तास ती घड्याळाला बांधलेली असते. गुटमन यांनी जे काम डॉक्टरच्या दर्जाचे मानले, ते ती विनापगारी करते. कुठल्याच नोंदवहीत ते लिहिले जात नाही.

नोंदवहीची गरज

या इतिहासात प्राण वाचवणाऱ्या दोन मोठ्या पायऱ्या शिस्तीने आणि शिकवण्याने चढल्या गेल्या. दोन्हींना खर्च थोडा आला. तिसरी पायरी आपल्या भागाला स्वतःच चढावी लागणार आहे आणि तिलाही मोठे यंत्र लागत नाही. वर्षातून एकदा मूत्रपिंडांची सोनोग्राफी. डोंबिवलीत सोनोग्राफी केंद्रे हाकेच्या अंतरावर आहेत. रक्तातले क्रिएटिनिन एकट्याने पुरे पडत नाही, कारण लुळ्या माणसाचे स्नायू झिजलेले असतात आणि आकडा फसवा चांगला दिसतो. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नळी शिकवू शकणारी एक परिचारिका. आणि एक नोंदवही.

नोंदवहीवर माझा भर आहे, कारण माझे काम कागदांशी आहे. ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली येथील रुग्णालयांतून दरवर्षी मज्जारज्जूच्या इजेचे किती रुग्ण घरी जातात, त्यांपैकी पाच वर्षांनी किती जण हयात असतात आणि कितींची मूत्रपिंडे शाबूत असतात, एवढे तीन रकाने असले तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी अडीच ते पाच लाख माणसांच्या मज्जारज्जूला इजा होते. त्यांत आपल्या खाडीकाठची, मुंब्र्याच्या वळणावरची, परांचीवरची आणि थरांवरची माणसेही आहेत. रेल्वे रुळांवर मेलेल्यांची मोजदाद होते. वाचलेल्यांपैकी किती जण पुढे कशाने गेले, हे सांगणारा रकाना जोवर नाही, तोवर मूत्रपिंडाच्या विकाराने झालेला मृत्यू कागदावर मूत्रपिंडाच्याच नावावर पडतो आणि दहा वर्षांपूर्वीच्या त्या लोकलच्या दाराशी त्याचा संबंध जोडला जात नाही.

डोंबिवलीहून सकाळची गाडी, दादरला बदल, महालक्ष्मीला उतरून हाजीअली, तिथली रांग, तपासणी आणि परतीचा प्रवास. एवढे चार तासांत होत नाही. म्हणजे मूत्राशयाचा दवाखाना गाठण्याच्या वाटेवरच मूत्राशय एकदा, बहुधा दोनदा, रिकामे करावे लागते. त्यासाठी वाटेत रुंद दाराची, नळाला पाणी असलेली आणि आतून कडी लागणारी एक खोली लागते. ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या तीन स्टेशनांवर अशी प्रत्येकी एक खोली दिवसभर उघडी राहिली, तर सुरुवात होईल.